सीताफळाला फुलं भरपूर, फळ मात्र धरत नाही: सोलापूरच्या परसबागेत हाताने परागीकरण कसं करायचं

मे संपत आला की मला येणारे बरेचसे फोन एकाच गोष्टीचे असतात. जुळे सोलापूर असो, शेळगी असो की होटगी रोड, प्रश्न तोच. "फुलं बक्कळ येत्यात ओ, पण चार दिवसांत सगळी खाली. कुठलं औषध मारू?"

औषध मारायचं नाही. बहुतेक वेळा हे फूल रोगाने गळत नाही, त्याला पराग मिळालेले नसतात म्हणून गळतं. हाताने पराग लावून पाहणारेही बरेच आहेत, पण ते चुकीच्या वेळी, चुकीच्या फुलाला लावतात आणि मग "आमच्या झाडाला जमत नाही" म्हणून सोडून देतात. मीही पहिली दोन वर्षं अंघोळ-पूजा आटोपून नऊ-साडेनऊला ब्रश घेऊन झाडापाशी जायचो. शंभरावर फुलांना ब्रश लावून हाती तीन फळं आली. झाड तेच ठेवलं, फक्त वेळ आणि फुलांची निवड बदलली, तेव्हा फळं धरली.

पराग आपोआप का पोचत नाहीत

सीताफळाच्या एकाच फुलात नर आणि मादी दोन्ही भाग असतात, पण ते एका वेळी तयार होत नाहीत. आधी मादी भाग तयार होतो. तो सुकत आला की मग नर भागातून पराग सुटतात. त्यामुळे फूल स्वतःच स्वतःला फळवू शकत नाही.

निसर्गात हे काम बारीक भुंगेरे करतात. पाकळ्यांच्या फटीतून आत शिरण्याइतके ते लहान असतात. मधमाश्या या फुलाकडे सहसा फिरकत नाहीत, त्यामुळे शेजारी झेंडू लावून इथे उपयोग नाही. शहरातल्या सिमेंट केलेल्या अंगणात, रोज झाडून पालापाचोळा उचलला जातो अशा ठिकाणी, हे भुंगेरे टिकत नाहीत. वर आपलं ऊन. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या पुढे, हवा कोरडी ठाक. अशा हवेत मादी भागावरचा चिकटपणा बघता बघता वाळतो आणि वाळल्यावर पराग पडले तरी रुजत नाहीत.

म्हणून मेच्या फुलांच्या मागे लागू नका. आपल्याला फुलांचा मुख्य भर जूनमध्ये हवा, मृगाच्या आसपास, हवेत ओल आल्यावर. तयारी तिथूनच मोजायची.

टप्पा १: ताण आणि छाटणी (फेब्रुवारी ते मेचा पहिला पंधरवडा)

संक्रांत झाली, गड्ड्याची जत्रा उठली की सीताफळाचं पाणी हळूहळू कमी करत बंद करायचं. फेब्रुवारी-मार्चमध्ये पानं पिवळी पडून गळतात. घाबरून पाणी सुरू करू नका. चार वर्षांच्या पुढचं, काळ्या जमिनीतलं झाड हा ताण सहज सोसतं. मुरमाड जागेत किंवा ड्रममध्ये झाड असेल तर पंधरा दिवसांतून एखादी बादली द्या, नाहीतर फांद्या शेंड्याकडून वाळत येतात.

छाटणी अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला. छाटून पाणी सोडल्यापासून फूल उमलायला साधारण महिना ते सव्वा महिना लागतो, म्हणून हा मुहूर्त धरायचा. वाळकी, एकमेकींवर घासणारी, आत वळलेली फांदी काढा. गेल्या वर्षीच्या पेन्सिलीएवढ्या जाड काड्या चार-सहा डोळे ठेवून आखूड करा. काडेपेटीतल्या काडीसारख्या बारीक काड्या मुळापासून काढा, त्यांच्यावरचं फळ पोसत नाही. जाड फांद्यांना हात लावू नका. मेच्या उन्हात झाड उघडं पडलं तर साल भाजते, त्यासाठी बुंध्याला चुन्याचा हात द्या.

आता सगळ्यात जास्त विसरलं जाणारं काम. उरलेली पानं हाताने काढून टाका. सीताफळाचा डोळा पानाच्या देठाच्या बुडाखाली झाकलेला असतो. पान चिकटून आहे तोवर तो डोळा फुटत नाही. "अर्ध्या झाडाला फुलं, अर्धं झाड नुसतं" अशी तक्रार असते तिथे बऱ्याचदा जुनी पानं तशीच राहिलेली दिसतात.

अंगठ्याहून जाड कापावर बोर्डो पेस्ट लावा: १०० ग्रॅम मोरचूद, १०० ग्रॅम कळीचा चुना, १ लिटर पाणी. दोन्ही प्लास्टिकच्या भांड्यांत वेगवेगळं भिजवून मग एकत्र करायचं. लोखंडी भांडं वापरू नका.

> सावध: छाटताना सीताफळाचा चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका, फार आग होते. हात धुतल्याशिवाय चेहऱ्याला लावू नका.

टप्पा २: पाणी, खत आणि पाचट

छाटणीनंतर आळं उकरून दोन घमेली कुजलेलं शेणखत आणि किलोभर निंबोळी पेंड मिसळा. युरिया नको. नत्र जास्त झालं की झाड पाल्याने माजतं आणि फुलं पानांत हरवतात. आळं बुंध्याला टेकून करू नका. फांद्यांची सावली जिथवर पडते तिथवर गोल करा, खाणारी मुळं तिथे असतात.

पहिलं पाणी भरपूर, आळं तुडुंब. पुढे काळ्या जमिनीत दर चौथ्या-पाचव्या दिवशी तीन-चार बादल्या, मुरमात एक दिवसाआड दीड-दोन. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे पाणी आलं त्या दिवशी पाइप लावून ठेवायचा आणि मग आठवडाभर विसरायचं, असं होतं. फुलोऱ्यात असा हिसका बसला की कळ्या गळतात. पिंप भरून ठेवा, पण पाणी बेतानं आणि ठरल्या दिवशी द्या.

आळ्यावर चार बोटं जाडीचं आच्छादन हवंच. आपल्या जिल्ह्यात उसाचं पाचट हवं तेवढं मिळतं, रसाच्या गाड्यावरचं वाळवलेलं चिपाडही चालतं. आच्छादनाने मुळं गार राहतात, झाडाखालची हवा थोडी ओलसर राहते आणि भुंगेऱ्यांनाही आसरा मिळतो. पश्चिमेचं ऊन थेट येत असेल तर त्या बाजूला हिरवी जाळी किंवा जुनी सुती साडी बांधा. झाडाला चिकटवून नको, हातभर अंतर ठेवून.

> तपासून बघा: छाटणीनंतर पंधरा-वीस दिवसांत कोवळी फूट आणि तिच्या बगलेत हिरव्या, तीनधारी कळ्या दिसल्या पाहिजेत. दिसत नसतील तर झाडावर जुनी पानं राहिली आहेत का आणि पाणी आळ्याच्या कडेपर्यंत पोचतंय का, ते आधी पाहा.

कळ्या दिसल्यापासून फळ धरेपर्यंत झाडावर कुठलीच फवारणी नाही. कीटकनाशक नाही, टॉनिक नाही आणि पाइपने फुलांवर पाणीही नाही.

टप्पा ३: दोन सकाळी नुसतं बघायचं

हा टप्पा सगळे टाळतात आणि पुढचं सगळं इथेच बिघडतं. पहिली दहा-पंधरा फुलं उमलायला लागली की दोन दिवस ब्रश घरात ठेवा. पहाटे उजाडताना झाडापाशी या. जूनमध्ये आपल्याकडे पावणेसहाच्या सुमाराला दिसायला लागतं. वाकून फुलं खालून बघा, कारण सीताफळाचं फूल खाली तोंड करून लोंबतं. वरून बघणाऱ्याला पाकळ्यांची पाठ तेवढी दिसते.

फूल तीन अवस्थांतून जातं.

*बंद कळी.* तीन जाड, लांबट, हिरवट पाकळ्या एकमेकींना घट्ट चिकटलेल्या. हिच्याशी आपलं काम नाही.

*फट पडलेलं फूल.* पाकळ्यांची टोकं किंचित सुटलेली, आत जेमतेम काडी जाईल एवढी जागा. एक पाकळी हलकेच बाजूला करून आत पाहा. मधोमध बारीक शंकूसारखा उंचवटा दिसेल, ओलसर आणि चकाकणारा. ही मादी अवस्था. पराग इथे लावायचे. शंकूच्या बुडाला भोवताली पांढरट केसरांचं कडं असतं, ते या वेळी घट्ट बसलेलं असतं, बोट लावलं तरी सुटत नाही.

*पूर्ण फाकलेलं फूल.* पाकळ्या मोकळ्या पसरलेल्या, मधला शंकू कोरडा, चमक गेलेली. बुडाचे केसर मळकट, विस्कटलेले, टिचकी मारली की झडतात आणि सोबत फिकट भुकटी पडते. ही नर अवस्था. पराग इथून घ्यायचे.

आता चूक कुठे होते ते सहज कळेल. माणूस साहजिकच पूर्ण उमललेल्या देखण्या फुलाकडे जातो आणि त्यातच ब्रश फिरवतो. त्या फुलाची मादी अवस्था संपलेली असते. तिथे कितीही पराग घाला, फळ धरत नाही. जे फूल अजून उमललंच नाही असं वाटतं, तेच खरं कामाचं असतं.

आज सकाळी फट पडलेलं फूल साधारण उद्या सकाळपर्यंत पूर्ण फाकतं. पण जात, ऊन, हवेतली ओल यांप्रमाणे पराग सुटण्याची वेळ मागेपुढे होते. काही झाडांवर पहाटे अंधारात सुटतात, काहींवर संध्याकाळी. म्हणून दोन दिवस पहाटे साडेपाच, सकाळी आठ आणि संध्याकाळी सहा अशा तीन वेळी पाहा. भुकटी कधी दिसते ते वहीत लिहा. तुमच्या झाडाची वेळ तुम्हालाच शोधावी लागते, माझ्या झाडाची वेळ तुमच्या उपयोगाची नाही.

टप्पा ४: सामान

मुलांच्या रंगकामातला मऊ केसांचा, दोन किंवा तीन नंबरचा ब्रश. नवा, कोरडा, रंग न लागलेला. गडद रंगाची वाटी किंवा डबीचं झाकण, म्हणजे फिकट पराग दिसतील. कागदी पिशवी. रंगीत सुताचे तुकडे (सोलापुरात सूत विकत आणायची वेळ क्वचितच येते). ब्रश ओला करू नका आणि कान साफ करायचा कापूस लावलेला बड वापरू नका. पराग कापसातच अडकून राहतात.

टप्पा ५: पराग गोळा करणं

नर अवस्थेतली फुलं देठासकट खुडून कागदी पिशवीत टाका. झाडाच्या टोकाकडची, बारीक काड्यांवरची फुलं यासाठी घ्या, तिथे फळ ठेवायचंच नसतं. प्लास्टिकची पिशवी नको. पाच मिनिटांत तिला आतून घाम सुटतो आणि परागांचा गोळा होतो.

सावलीत बसा, पंखा बंद करा. एकेक फूल वाटीवर धरून टिचकी मारा किंवा ब्रशने केसर झाडा. वाटीत केसर आणि पराग दोन्ही पडतील, वेगळे करत बसू नका. एका चांगल्या फुलाचे पराग तीन-चार फुलांना पुरतात, म्हणजे वीस फुलांना पराग लावायचे असतील तर सहा-सात नर फुलं बास.

> तपासून बघा: वाटीतला एक केसर काळ्या कापडावर घासा. फिकट पिवळसर रेघ उमटली तर पराग सुटलेले आहेत. नुसते केसर पडले आणि रेघ नाही, तर फूल अजून कच्चं आहे. वाटी सावलीत तासभर उघडी ठेवून पुन्हा बघा. केसर तपकिरी होऊन चुरा होत असतील तर ते कालचे आहेत, टाकून द्या.

ज्यांच्या झाडावर पराग संध्याकाळी सुटतात त्यांनी नर फुलं संध्याकाळी खुडून कागदी पिशवीत, घरातल्या गार कोपऱ्यात ठेवावीत आणि पहाटे उजाडताच वापरावीत. त्यापुढे साठवण नाही. डबीत भरून आठवडाभर ठेवलेल्या परागांनी फळ धरलेलं मी पाहिलेलं नाही.

झाड एकच असलं तरी चालतं. सीताफळाला स्वतःच्या झाडाचे पराग लागू पडतात, फक्त ते दुसऱ्या फुलातून यायला हवेत. शेजारच्या सीताफळाचेही चालतील. बार्शी तालुक्यातल्या गोरमाळ्याच्या नवनाथ कसपटे यांनी निवडलेली एनएमके-१ गोल्डन आता सोलापुरात बऱ्याच अंगणांत आहे, तिलाही हीच पद्धत. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेची अर्का सहन ही संकरित जात असेल तर तिला साध्या सीताफळाचे पराग लावा. त्या जातीला हाताने पराग दिल्याचा फरक फळाच्या आकारातच दिसतो.

टप्पा ६: पराग लावणं

उजाडल्यापासून साडेसातपर्यंत, आभाळ असेल तर आठपर्यंत. ऊन फुलावर आलं की थांबा. रात्री पाऊस होऊन फुलं निथळत असतील तर तो दिवस सोडा. ढगाळ, दमट, वारा पडलेली सकाळ मिळाली तर बाकी कामं बाजूला ठेवा.

फुलं निवडताना जाड फांद्यांवरची, झाडाच्या आतल्या बाजूची, पानांच्या सावलीत राहणारी घ्या. फळ पाव किलोचं झालं तरी तिथली फांदी ते पेलते.

डाव्या हाताच्या चिमटीत फुलाचा देठाकडचा भाग धरा. एका पाकळीला नखाने हलकेच बाहेर वाकवा. ती तुटली तरी बिघडत नाही, पण तिन्ही तोडू नका, आतला शंकू उघडा पडून वाळतो. परागात बुडवलेला ब्रश आत घालून शंकूभोवती दोन-तीन वेळा गोल फिरवा, टोकापासून केसरांच्या कड्यापर्यंत. जोर लावायचा नाही. ब्रश टेकला आहे एवढंच बोटाला जाणवलं पाहिजे. मग पाकळी पूर्ववत सोडा.

गोल फिरवण्यावर माझा एवढा भर का, तर सीताफळ हे एक फळ नसून अनेक बारीक फळांचा एकत्र झालेला गोळा आहे. त्या शंकूवरचा प्रत्येक बारीक भाग म्हणजे उद्याच्या फळाचा एक डोळा. ज्या भागाला पराग मिळाले नाहीत तो डोळा पोसत नाही. एका बाजूने चेपलेली, मुरडलेली सीताफळं बाजारात दिसतात ना, त्यांतली बरीचशी अर्धवट परागीकरणाची असतात. ब्रश एकाच बाजूने टेकवून पुढे गेलात तर फळ धरेल, पण वाकडं.

दर दोन-तीन फुलांनंतर ब्रश पुन्हा परागात बुडवा. एका सकाळी वीस-पंचवीस फुलं पुरे. एक दिवसाआड असं तीन आठवडे करा. सगळी फुलं एकाच रविवारी उरकायची म्हणाल तर जमणार नाही, कारण त्या दिवशी मादी अवस्थेत असतील तेवढीच फुलं कामाची.

> सावध: रामफळाचे पराग सीताफळाला लावायचा प्रयोग करू नका, सकाळ वाया जाते.

टप्पा ७: खूण आणि पडताळणी

पराग लावलेल्या प्रत्येक फुलाच्या देठाला लगेच सुताचा सैल फास बांधा. प्रत्येक दिवसाचा रंग वेगळा आणि वहीत रंगापुढे तारीख व वेळ. हे कंटाळवाणं आहे, पण याशिवाय काय जमलं नि काय चुकलं हे कधीच कळत नाही. गेल्या साली शेजारच्या काकूंच्या झाडावर लाल सुताची जवळपास सगळी फुलं धरली आणि पिवळ्या सुताची सगळी गळली. वही पाहिली तर पिवळ्या दिवशी त्यांना निघायला साडेआठ झाले होते.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पाकळ्या गळतील. त्या गळायच्याच असतात. "गळायला लागली" म्हणून धावपळ करून फवारणी करू नका. देठाला काय राहिलं ते पाहा. पाचव्या-सहाव्या दिवशी देठ हिरवा आणि टोकाला ज्वारीच्या दाण्याएवढी हिरवी, खडबडीत गाठ असेल तर फळ धरलं. गाठ तपकिरी आणि बोट लावताच गळून पडत असेल तर नाही. पहिल्या आठवड्यात निम्मी धरली तरी हात बसला म्हणायचं.

काही गाठी धरून राहतात पण महिनाभर वाढत नाहीत, मग काळ्या, दगडासारख्या होऊन झाडावरच लटकतात. त्या तोडून अंगणाबाहेर टाका.

टप्पा ८: फळ धरल्यावर

फळं लिंबाएवढी झाली की विरळणी करा. सहा-सात वर्षांच्या झाडावर चाळीसच्या आसपास फळं ठेवा. एकाच ठिकाणी दोन जुळून आली असतील तर लहान किंवा वाकडं काढा. हात धजावत नाही, मला ठाऊक आहे. पण ऐंशी ठेवलीत तर सगळी बियांनी भरलेली, गर नसलेली मिळतील.

पाऊस ताणला तर आठवड्याला पाणी द्या. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे पंधरा-पंधरा दिवस उघडीप पडते. तेव्हा फळ कोरडं राहतं आणि सप्टेंबरच्या मोठ्या पावसात एकदम पाणी ओढून तडकतं. "पावसाळा आहे, झाडाला पाणी कशाला" या समजापायी दरवर्षी किती फळं फुटतात.

फळांच्या डोळ्यांच्या खाचेत पांढरा कापसासारखा पिठ्या ढेकूण दिसला तर आधी मुंग्या बघा, त्याच त्याला फांदीफांदीवर नेतात. बुंध्याला जमिनीपासून फूटभर उंचीवर प्लास्टिकची पट्टी घट्ट बांधून तिच्यावर ग्रीस लावा, सालीवर थेट नको. फळं धुऊन ५ टक्के निंबोळी अर्क संध्याकाळी फवारा. आता फवारायला हरकत नाही, फुलोरा संपलेला आहे.

टप्पा ९: कधी काढायचं

फूल फळल्यापासून साधारण चार महिने. जूनच्या मध्याला धरलेलं फळ ऑक्टोबरात, दसऱ्याच्या आगेमागे येतं. सुताचा रंग आणि वहीतली तारीख इथे पुन्हा कामाला येते. डोळे फुगून एकमेकांपासून दूर सरकतात आणि मधल्या खाचा हिरव्याच्या पिवळसर-पांढऱ्या दिसायला लागतात, तेव्हा फळ कडक असतानाच देठासकट कात्रीने कापा. ओढून काढलं तर देठाजवळ भोक पडून तिथून सडतं. झाडावर मऊ व्हायची वाट पाहिलीत तर खारी आणि वटवाघळं आधी येतील.

ज्वारीच्या पोत्यात किंवा वर्तमानपत्रात एकेरी थरात ठेवा, तीन दिवसांत पिकतं. फ्रीजमध्ये कच्चं फळ ठेवू नका, ते काळं पडतं आणि पिकत नाही.